दोन रुग्ण आणि एक क्षार: बेडाक्विलिनच्या पेटंटचं प्रकरण

२३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा एक अर्ज फेटाळला. अर्ज होता बेडाक्विलिन या टीबीवरच्या औषधाच्या फ्यूमारेट क्षारासाठी, म्हणजे त्याच औषधाच्या गोळीत वापरायच्या रूपासाठी. तो मंजूर झाला असता तर जुलै २०२३ मध्ये संपणारी कंपनीची मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबली असती. अर्जाला हरकत घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांची एक संघटना होती आणि दोन तरुण स्त्रिया होत्या. नंदिता वेंकटेसन मुंबईच्या, फुमेझा टिसिले दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या. दोघींची ऐकण्याची शक्ती टीबीच्या उपचारात गेलेली.

सार्वजनिक आरोग्यात ‘रुग्णांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग इतका घासला गेला आहे की त्यातून आता काहीच ऐकू येत नाही. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ असा: कार्यक्रमाच्या दिवशी बऱ्या झालेल्या एका रुग्णाला व्यासपीठावर बोलवायचं, पाच मिनिटं बोलू द्यायचं, गुच्छ द्यायचा आणि मग अधिकाऱ्यांनी आकडेवारी मांडायची. बेडाक्विलिनच्या प्रकरणात रुग्ण व्यासपीठावर नव्हते. ते एका वैधानिक कार्यवाहीत पक्षकार होते आणि कंपनीला त्यांच्या मुद्द्यांना उत्तर देणं भाग होतं. हा फरक कसा पडला, कशामुळे पडला आणि तो किती पुरला, हे पाहण्यासारखं आहे.

आधी उपचाराविषयी. जागतिक आरोग्य संघटना औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला सार्वजनिक आरोग्यावरचं संकट म्हणते, आणि जगातल्या अशा रुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक एकट्या भारतात आहेत. मुंबईला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये देशभर खळबळ उडाली होती. सरकारने आधी ‘पूर्णपणे दाद न देणारा टीबी’ या नावालाच आक्षेप घेतला.

त्या काळात अशा रुग्णाला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त उपचार घ्यावे लागत. पहिले सहा ते नऊ महिने कानामायसिनचं इंजेक्शन, आठवड्यातून सहा दिवस, नितंबाच्या स्नायूत. काही आठवड्यांत तिथे गाठी होतात, बसायचं तर एका कुशीवर कलून, झोपायचं तर पालथं. जोडीला मूठभर गोळ्या, उलट्या आणि तोंडात सतत धातूची चव.

कानामायसिन आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मारतं, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. नुकसान वरच्या पट्टीपासून सुरू होतं. बोलण्यातले स, श, फ असे आवाज वरच्या पट्टीतले, स्वर खालच्या. त्यामुळे रुग्ण सुरुवातीला ‘ऐकू येत नाही’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, किंवा कानात सारखी शीळ वाजते. ओपीडीत टेबलापलीकडून मोठ्याने बोलणाऱ्या डॉक्टरांना तो नीट उत्तर देतो, म्हणून कागदावर ‘तक्रार नाही’ असंच पडतं. खरी स्थिती कळायची तर औषध सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला ऑडिओमेट्री हवी. ती बंद खोली, ते हेडफोन, प्रत्येक ‘टूं’ ऐकू आल्यावर दाबायचं बटण. हे सगळं मार्गदर्शक सूचनांत होतं. प्रत्यक्षात टीबीचं केंद्र एकीकडे आणि कान तपासणारं रुग्णालय दुसरीकडे, आणि इंजेक्शनने गळून गेलेल्या माणसाने दोन बस बदलून तिथे जायचं.

आता या व्यवस्थेत रुग्णाची जागा कुठे आहे ते बघा. डॉट्स पद्धतीत गोळी दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत गिळायची असते. जीव वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे, ते कुणी नाकारत नाही. पण तिची रचनाच या गृहीतावर उभी आहे की रुग्ण हा औषध चुकवणारा माणूस आहे. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याला कोण विचारणार की बाबा, तुझा कान जातोय, इंजेक्शन चालू ठेवू की बदलू? कुठल्या धोक्याच्या बदल्यात कुठला फायदा, हा निर्णय वास्तविक ज्याच्या कानाचा प्रश्न आहे त्याचा. तो परस्पर घेतला जात होता. आणि खरं सांगायचं तर बदलायला औषधही नव्हतं.

औषध आलं २०१२ च्या शेवटी. २८ डिसेंबरला अमेरिकेच्या औषध नियामकाने बेडाक्विलिनला मान्यता दिली. चाळीसहून अधिक वर्षांत टीबीवर आलेलं हे पहिलं नव्या वर्गातलं औषध. ते टीबीच्या जिवाणूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं आणि गोळीच्या रूपात घेता येतं. कान जात नाहीत.

नोव्हेंबर २०१३ मध्ये नंदिता वेंकटेसन एका दुपारी झोपून उठल्या, तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं. आतड्याच्या टीबीचा त्यांचा तो दुसरा फेरा होता. पहिला कॉलेजच्या वयात होऊन गेलेला. भरतनाट्यम शिकलेल्या या मुलीने पुढे बहिरेपणानंतरही मंचावर नृत्य केलं आणि पत्रकारितेत नोकरी केली. फुमेझा टिसिले यांना २०१० मध्ये टीबीचं निदान झालं, तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. पुढे तो बहुतेक औषधांना दाद न देणारा निघाला. कानामायसिनने ऐकणं गेलं आणि २०१३ मध्ये, सुमारे वीस हजार गोळ्यांनंतर, त्या बऱ्या झाल्या. नंतर शस्त्रक्रियेने कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवल्यावर त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागलं. तिकडे मेदसँ साँ फ्राँतिएर या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांच्या मागण्यांचा जाहीरनामा तयार केला आणि २०१४ मध्ये तो जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य परिषदेपर्यंत नेला.

म्हणजे ज्या वर्षी या दोघींचे उपचार चालू होते किंवा संपत होते, त्या वर्षी कान वाचवणारी गोळी जगात अस्तित्वात होती. भारतात ती सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली मार्च २०१६ मध्ये, आणि तीही मोजक्या सहा केंद्रांवर, अटी घालून. त्या अटी किती जाचक होत्या याचं उदाहरण म्हणजे पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण. दिल्लीतल्या एका केंद्राने तिला औषध नाकारलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तोवर फुप्फुसांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. २०१८ मध्ये ती गेली. न्यायालयातून औषध मिळवणं हाही सहभागच म्हणायचा, पण तो एकेका रुग्णापुरता, आणि ज्याच्या बापाला वकील गाठता येतो त्याच्यापुरता.

इथे एक प्रश्न पडतो. टीबी एवढा जुना, एवढ्या घरांत पोचलेला आजार. मग त्याच्या रुग्णांची चळवळ एचआयव्हीसारखी का उभी राहिली नाही? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग आजाराच्या स्वभावात आहे. एचआयव्ही जन्मभर सोबत राहतो, म्हणून माणूस त्याच्याशी आणि त्याच आजाराच्या इतरांशी नातं जोडतो. टीबी बरा होतो. बरा झालेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे फाईल माळ्यावर टाकतो आणि त्या काळाबद्दल बोलणं बंद करतो. मुलगी असेल तर घरचेच बजावतात, लग्न ठरेपर्यंत कुणाला सांगू नकोस. चळवळीला जे अनुभवी लोक लागतात ते असे दर वर्षी गळून जातात.

म्हणून मुंबईतल्या या हरकतीत महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संघटना आधीपासून असणं मला योगायोग वाटत नाही. एकतर एचआयव्ही असलेल्यांना टीबी फार गाठतो. दुसरं म्हणजे या लोकांना औषधांची भाषा येते. खायेलित्शामध्ये २००१ साली एचआयव्हीची औषधं सुरू झाली, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी रुग्णांना गोळ्यांची नावं, त्यांचं काम, त्यांचे दुष्परिणाम, विषाणू मोजण्याच्या चाचणीचा अर्थ हे सगळं शिकवलं होतं. डोळ्यांदेखत गिळायला लावण्याऐवजी समजावून सांगायचं, हा तिथला मार्ग. फुमेझा टिसिले त्याच वस्तीतल्या.

मुंबईलाही असाच एक वारसा आहे आणि तो कर्करोगाच्या रुग्णांचा. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बेडाक्विलिनच्या हरकतीचा कायदेशीर पाया तिथेच घातला गेला.

तो पाया दोन कलमांचा. पहिलं कलम २५(१). पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. कोणतीही. पेटंट मिळाल्यानंतर हरकत घ्यायची तर तुम्ही ‘हितसंबंधित’ असावं लागतं आणि तो शब्द प्रतिस्पर्धी कंपनीला सोयीचा आहे. पण आधीच्या टप्प्यावर असं काही सिद्ध करावं लागत नाही. तुम्ही केपटाउनला राहता का, तुम्ही डॉक्टर आहात का, हे कोणी विचारत नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेत दुसरी अशी जागा मला दाखवून द्या, जिथे रुग्ण कोणत्याही शिफारशीशिवाय आत जाऊ शकतो आणि आतल्यांना त्याचं म्हणणं ऐकून लेखी निर्णय द्यावाच लागतो.

दुसरं कलम ३(डी). ज्ञात पदार्थाचं नुसतं नवं रूप म्हणजे शोध नव्हे. त्या रूपाने गुणकारकता लक्षणीय वाढत असेल तरच पेटंट. औषधाच्या बाबतीत ही गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, असं ग्लिव्हेकच्या निकालात ठरलं. नुसतं जास्त विरघळतं किंवा जास्त टिकतं एवढ्यावर भागत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये दोघींनी मेदसँ साँ फ्राँतिएरच्या मदतीने हरकत दाखल केली. बेडाक्विलिन या रेणूचं मूळ पेटंट २००३ च्या तारखेचं, त्यामुळे ते १८ जुलै २०२३ ला संपणार होतं. वादातला अर्ज त्याच रेणूच्या फ्यूमारेट क्षाराचा. गोळी बनवताना मूळ रेणू फ्यूमारिक आम्लाशी संयोग करून क्षाराच्या रूपात वापरतात, म्हणजे ती नीट टिकते आणि शोषली जाते. औषधनिर्मितीत हे नेहमीचं काम आहे. हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं असं की यात शोधक पाऊल नाही, जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे, आणि क्षार केल्याने टीबी जास्त बरा होतो असं कंपनीने दाखवलेलं नाही. चार वर्षांनी पेटंट कार्यालयाने ते मान्य केलं.

या निर्णयात बहिरेपणाला काहीच वजन नव्हतं, आणि ते नसणं बरोबरच आहे. पेटंट अधिकाऱ्यासमोर प्रश्न क्षाराचा होता, कानांचा नव्हता. दोघींच्या कहाण्या हरकतीला जोडल्या नसत्या तरी रसायनशास्त्राचा युक्तिवाद तोच राहिला असता. मग रुग्णांचा वाटा कोणता? कुठे धडकायचं ते ठरवण्याचा. सरकारकडे तज्ज्ञ होते, जेनेरिक कंपन्यांकडे वकील होते. पण या अर्जामुळे कुणाचे कान जाणार आहेत हे अंगावर सोसलेलं असल्यामुळे, हजारो पेटंट अर्जांच्या ढिगातून हा एक उचलून त्याच्यामागे चार वर्षं चिकटून राहण्याची निकड या लोकांना होती. वृत्तपत्रांनी कहाणी छापली, कार्यालयाने क्षार तपासला, आणि दोन्ही कामं आपापल्या जागी झाली. सहभागाच्या नावाखाली रुग्णाकडून नेहमी फक्त कहाणी मागितली जाते. इथे त्यांनी कहाणीबरोबर युक्तिवादही आणला, आणि तो तयार करायला सोबत वकील आणि रसायनतज्ज्ञ होते. त्या मदतीशिवाय हे झालं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पैसा आणि कौशल्य एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून आलं.

टीकाकार एक रास्त मुद्दा मांडतात: पेटंट नाकारत राहिलं तर टीबीवर नवी औषधं कोण शोधणार? बेडाक्विलिनच्या बाबतीत हा मुद्दा लंगडा पडतो. त्याच्या चाचण्या आणि प्रसार यांत सरकारी आणि धर्मादाय पैसा मोठ्या प्रमाणात लागला होता. शिवाय मूळ रेणूच्या पेटंटला कुणी हातच लावला नव्हता. कंपनीला वीस वर्षं पूर्ण मिळाली. वाद होता वरच्या साडेचार वर्षांचा.

त्या साडेचार वर्षांची किंमत लगेच दिसली. २०१८ मध्ये गरीब देशांसाठी सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनचा दर ४०० डॉलर होता. ऑगस्ट २०२३ मध्ये, पेटंट संपून दीड महिना होतो न होतो तोच, टीबीची औषधं जगभर पुरवणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीने जेनेरिकसह नवे दर जाहीर केले आणि सर्वांत खालचा दर १३० डॉलरवर आला. मुंबईत मुख्यालय असलेली ल्युपिन ही जेनेरिक बनवणाऱ्यांपैकी एक. सप्टेंबरअखेर जॉन्सन अँड जॉन्सनने जाहीर केलं की १३४ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत बेडाक्विलिनवरचे पेटंट हक्क आपण बजावणार नाही. भारतातला निर्णय, दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धा आयोगाने त्याच महिन्यात सुरू केलेली चौकशी आणि जगभरातून आलेला दबाव, असं सगळं एकत्र आल्याचा हा परिणाम होता. श्रेय एकाच हरकतीला देणं खरं नव्हे.

इंजेक्शन तोवर मागे पडलं होतं. दक्षिण आफ्रिकेने जून २०१८ मध्ये त्याच्या जागी बेडाक्विलिन देण्याचा निर्णय घेतला, जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी बेडाक्विलिन पहिल्या गटात घेऊन कानामायसिनची शिफारस काढून घेतली, आणि भारताचा कार्यक्रमही टप्प्याटप्प्याने पूर्णपणे गोळ्यांवर आला. आज मुंबईत टीबीने नव्याने आजारी पडलेल्या मुलीला कानामायसिन टोचलं जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा कोर्सही मंजूर केला. दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर.

पण सहभागाचा हिशोब इथे संपत नाही. ज्या २०२३ च्या पावसाळ्यात पेटंट संपलं, त्याच महिन्यांत देशात लिनेझोलिड, क्लोफाझिमिन, सायक्लोसेरिन यांचा तुटवडा होता. महाराष्ट्रातही. बेडाक्विलिन एकटं देता येत नाही, ते या सोबत्यांबरोबरच द्यायचं असतं. साथीची औषधं चुकली की जिवाणू बेडाक्विलिनलाही दाद देईनासा होतो. रुग्णांनी पत्रं लिहिली, संघटनांनी निवेदनं दिली. साठा पुरेसा आहे, असं उत्तर आलं. मार्च २०२४ मध्ये तर साध्या टीबीच्या गोळ्यांचीच टंचाई झाली आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करायला सांगितलं. खरेदीची निविदा कधी निघाली, कुणी दर भरला, माल कुठे अडला, हे रुग्णाने कोणाला विचारायचं? त्यासाठी कलम २५(१) सारखं काही नाही. निवेदन द्यायचं आणि वाट बघायची. गोळी रोज चुकवू नका असं रुग्णाला बजावणाऱ्या व्यवस्थेची गोळी चुकली, तर तिच्यावर नजर ठेवायला कुणी नेमलेलं नाही.

आणि ज्या एका दारातून रुग्ण आत गेले, तेही आता पूर्वीइतकं उघडं नाही. मार्च २०२४ मध्येच पेटंट नियमांत दुरुस्ती झाली. मंजुरीपूर्व हरकतीला आता फी आहे, जी आधी नव्हती. आणि हरकत आली की ती दाखल करून घेण्याजोगी आहे की नाही हे पेटंट नियंत्रक आधी ठरवतो. मगच कंपनीला नोटीस जाते. कारण दिलं गेलं की निरर्थक आणि खोडसाळ हरकतींमुळे अर्ज रखडतात. तशा हरकती येतात, यात खोटं काही नाही; प्रतिस्पर्धी कंपन्या नाव पुढे करून माणसं उभी करतात. पण २०१९ च्या फेब्रुवारीत या दोघींचा कागद त्या टेबलावर आला असता, तर कोणत्या निकषाने तो आत घ्यायचा की परत पाठवायचा, ते नियमात लिहिलेलं नाही.